तोफूवाल्याचं तांबं

टोकियो,
रविवार, रात्र

प्रिय बंडू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले, हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण आज विषय तांब्याचा आहे, त्यामुळे तांबट आळीत राहणाऱ्याला वाचावंच लागेल.

काल आशियोला जाऊन आलो. तोचिगीच्या डोंगरात वातारासे नदीच्या कडेकडेने एक छोटी गाडी जाते, त्सूदोला उतरायचं. तिथल्या तांब्याच्या खाणीचं काम १९७३ मध्येच थांबलं. आता खेळण्यातल्यासारखी आगगाडी माणसांना बोगद्यात नेते. सगळे बोगदे मिळून १,२३४ किलोमीटर भरतात म्हणे! आत पाणी ठिबकत होतं, आणि मला आपले काकांच्या मठारकामाचे ठोके आठवत होते.

ही खाण १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई याने घेतली. क्योटोचा, जन्म १८३२ चा. घरात तोफू करायचे, पण दिवस फिरलेले, म्हणून पोरवयातच दारोदार तोफू विकत हिंडला. पुढे ओनो-गुमी या बड्या पेढीत रेशमाच्या व्यापारात नाव काढलं. १८७४ मध्ये पेढी बुडाली. शिबुसावा एईची यांच्या बँकेचं पेढीकडे मोठं येणं होतं (इथल्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर आहेत ना, तेच). इचिबेईने काही न लपवता ताब्यातला माल बँकेच्या हवाली केला. बँक तगली, हा मोकळ्या हातांनी बाहेर पडला. आणि पुढे आशियोत तेच शिबुसावा त्याचे भागीदार झाले. हे वाचल्यावर तर मी त्याच्या प्रेमातच पडलो होतो.

आशियो तेव्हा जुनी, दमलेली खाण. पहिली चार वर्षं खर्चच खर्च. १८८१ मध्ये तांब्याची चांगली शीर लागली, १८८४ मध्ये तिच्याहून मोठी, आणि बघता बघता ती जपानातली सगळ्यांत मोठी तांब्याची खाण झाली. १८९० मध्ये तिथे पाण्यावर वीज केली, १८९३ मध्ये बेसेमर भट्टी (वितळलेल्या धातूत हवा फुंकून तो शुद्ध करणारी) आणली. कॉम्प्युटरवाल्या फुजीत्सू कंपनीच्या नावातला 'फु'सुद्धा मुळात या फुरुकावाचाच.

यशाचं गुपित तो तीन शब्दांत सांगायचा: उन, दोन, कोन. नशीब, मठ्ठपणा, चिकाटी. (आपलं 'दोन' नव्हे रे!) हुशार माणूस हिशेब करून वेळीच सोडून देतो, मठ्ठ खणत राहतो.

आता या मठ्ठपणाची दुसरी बाजू. भट्ट्यांच्या गंधकी धुराने डोंगर बोडके झाले, मात्सुकी गाव १९०२ मध्ये उठलं. खाली वातारासेतले मासे मेले, १८९० च्या पुराने खाणीचं विष भातखाचरांत नेऊन ओतलं. तानाका शोझो हा खासदार १८९१ पासून संसदेत ओरडत होता. तेव्हाचे शेती आणि व्यापार मंत्री कोण? मुत्सु मुनेमित्सु, ज्यांचा मुलगा इचिबेईला दत्तक गेलेला! १८९७ मध्ये सरकारने कडक हुकूम काढला, तेव्हा इचिबेईने पैसा ओतून गाळाची तळी, गाळण्या मुदतीत उभ्या केल्या. तरी शेतं सुधारली नाहीत. शेवटी १९०१ च्या डिसेंबरात तानाका अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या बग्गीकडे धावला.

इचिबेई लबाड होता असं मला वाटत नाही. बुडालेल्या पेढीत सचोटीने वागला तोच हा माणूस. पण खणताना ज्याने आजूबाजूचं ऐकलं नाही, त्याला नदीकाठचं तरी कसं ऐकू यावं?

तो १९०३ मध्ये गेला, तानाका १९१३ मध्ये. तानाकाच्या झोळीत बायबल, राज्यघटना आणि काही खडे निघाले. नदीकाठी मीही एक उचलला, मग वाटलं ही नाटकं कशाला, टाकला परत.

काकांना एक विचार. डच लोक सतराव्या शतकात जपानी तांबं आपल्या सुरतेत आणून विकायचे. जुन्या तांबटांच्या तोंडी त्याचं काही यायचं का? आणि माझा तांब्या कोणाबरोबर तरी पाठव, झाकणासकट. गेल्या वेळी झाकण राहिलं होतं.

तुझा,
बाळ्या