मधुमेहाची गोळी योजनेत नाही, डायलिसिस आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या आईचं वय 74. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं, पंतप्रधान जन आरोग्य योजनेचं आयुष्मान वयवंदना कार्ड ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं, तेव्हा आम्ही उत्साहाने तिचं कार्ड काढून घेतलं. तिने ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं आणि महिन्याच्या तपासणीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवलं. गेली वीस वर्षं ती त्यांच्याकडेच जाते. डॉक्टरांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, हे माझ्याकडे नाही चालत. ॲडमिट व्हावं लागलं तरच याचा उपयोग."

तिला ते पटेना. मग डोंबिवलीतल्या आणखी तीन दवाखान्यांत मी स्वतः चौकशी केली. सगळीकडे तेच उत्तर. एका मोठ्या रुग्णालयात योजनेचा फलक आहे, रुग्णांना योजनेची माहिती देणारे आरोग्यमित्र बसतात, पण बाह्यरुग्ण विभागातल्या तपासणीचे पैसे तिथेही भरावे लागतात. चूक त्यांची नाही, नियमच तसा आहे. पंतप्रधान जन आरोग्य योजना काय किंवा आपली महात्मा जोतिराव फुले योजना काय, दोन्ही रुग्ण खाटेवर पडल्यानंतरच्या उपचारांसाठी आहेत. त्याच्या जोडीला पंतप्रधान योजनेत दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच खर्च पॅकेजमध्ये धरतात.

आता आईचा हिशेब सांगते. डॉक्टरांची फी, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी साखरेची मोठी तपासणी, अधूनमधून लघवीची तपासणी, वर्षातून एकदा डोळे. जनऔषधी दुकानातून गोळ्या आणूनही महिन्याकाठी सरासरी दीड-दोन हजार जातात. यातला एक रुपयाही कार्डावर मिळत नाही. पैसे वाचवायला तिने गोळ्या एक दिवसाआड घेतल्या (असं करणाऱ्या आज्या आमच्याच इमारतीत आहेत), साखर वाढत गेली आणि मूत्रपिंडं निकामी झाली, की मात्र डायलिसिस मोफत. मूत्रपिंडं वाचवणाऱ्या गोळीला पैसे नाहीत आणि ती गेल्यावर यंत्राला आहेत, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. डायलिसिस मोफत आहे याबद्दल मी कृतज्ञ आहे. ज्यांच्यावर ती वेळ आली आहे, त्यांचा या योजनेने जीव वाचवला आहे. पण तिथवर जाऊ न देणारा माणूस म्हणजे घरचा डॉक्टर, आणि नेमका तोच योजनेबाहेर आहे.

सरकारी विमा आणि फॅमिली डॉक्टर यांची सांगड बसूच शकत नाही, असं कुणी म्हटलं तर मला लालबागची आमची चाळ आठवते. माझे बाबा गिरणीत होते. पगारातून कामगार राज्य विमा योजनेची (ईएसआय) वर्गणी कापली जायची आणि त्यावर आमच्या अख्ख्या घराचं नाव एका खासगी डॉक्टरांकडे लागलेलं होतं. सगळे त्यांना विम्याचे डॉक्टर म्हणत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. बाबांचा खोकला, माझा गोवर, आजीचे गुडघे, सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्याकडून ते पैसे घेत नसत. त्यांच्या यादीवर जितकी कुटुंबं, त्या प्रमाणात विम्याकडून त्यांना ठरावीक रक्कम मिळे. प्रा. अडारकर यांच्या 1944 च्या अहवालातून आणि 1948 च्या कायद्यातून उभी राहिलेली ही योजना आजही चालू आहे. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेला कामगार 0.75 टक्के भरतो, मालक 3.25 टक्के. तिच्यातही तक्रारी होत्या आणि आहेत, पण 'तुमचा डॉक्टर कोण?' या प्रश्नाला बाबांकडे उत्तर होतं. आईकडे 5 लाखांचं कार्ड असून ते नाही.

सरकार म्हणेल, आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत, 'आपला दवाखाना' आहे, ही सरकारी मोफत उपचार केंद्रं आहेतच. आहेत, आणि मीही तिथे गेले आहे. औषधं मोफत मिळतात, वागणूकही चांगली. पण मी चार वेळा गेले तर तीन वेळा डॉक्टर नवे होते आणि प्रत्येक वेळी आईची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. ज्याला आधीची साखर किती होती, मागच्या वर्षी कुठली गोळी सोसली नाही, हे न विचारता ठाऊक असतं, तो माणूस वेगळा.

माझी मागणी एवढीच आहे. इच्छुक खासगी डॉक्टरांना योजनेच्या पॅनेलवर घ्या, वयवंदना कार्डधारकांना त्यातला एक निवडू द्या आणि डॉक्टरांना दर भेटीमागे नव्हे, तर दर माणशी वर्षाची रक्कम द्या. म्हणजे खोट्या भेटींची बिलंही होणार नाहीत. पैसे मात्र वेळेवर द्यायला हवेत. आमच्या डॉक्टरांना मी विचारलं, तर त्यांची पहिली शंका तीच होती. दुसरी शंका अशी की वस्त्यांमधले बरेच डॉक्टर बीएएमएस, बीएचएमएस (आयुर्वेद, होमिओपॅथीचे पदवीधर) आहेत, त्यांना घेणार का? हा वादाचा मुद्दा आहे, पण आमच्या भागात रात्री नऊला दार उघडं असतं ते त्यांचंच. तेव्हा नियम ठरवा, पण त्यांना बाहेर ठेवू नका. आधी एखाद्या महापालिकेत वर्षभर करून पाहा.

आणि हे होईपर्यंत एक काम लगेच करता येईल. 'हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालते, दवाखान्यातील तपासणीला नाही,' असं कार्डावर मराठीत ठळक छापा. चार दवाखान्यांचे जिने चढायची पाळी दुसऱ्या कुणावर येऊ नये.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)