लाल किट संपल्यानंतरच्या दिवसांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जननेंद्रियांवर वारंवार उठणाऱ्या हर्पीससाठी समुपदेशन आणि नियमित औषध मिळण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये हर्पीसचे फोड घेऊन आलेल्या माणसाच्या हातात लाल किट, म्हणजे औषधाचं पाकीट पडतं. विषाणूविरोधी असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. फोड सुकतात. विषाणू मात्र कमरेखालच्या मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभराचा मुक्काम ठोकतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. काही महिन्यांनी तोच माणूस त्याच रांगेत, पुन्हा तेच किट.

मधल्या काळात काय चालतं, ते आम्हा समुपदेशकांच्या कानावर येतं. रोज आरसा घेऊन तपासणं. जुळत आलेलं लग्न काहीबाही कारण सांगून मोडणं. बायकोपासून लांब झोपणं आणि का, ते न सांगणं. एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली की यंत्रणेचा जीव भांड्यात पडतो, रुग्णाचा नाही.

वर सल्ला असतोच : 'टेन्शन घेऊ नका, टेन्शनने हे उठतं.' १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांकडून सहा महिने दर आठवड्याला माहिती घेतली गेली. आठवड्याहून जास्त रेंगाळणाऱ्या ताणाचा पुन्हा फोड येण्याशी संबंध दिसला. तात्पुरत्या ताणाचा किंवा चार दिवसांच्या उदासीचा दिसला नाही. आमचा सल्ला मात्र सरसकट. मग घरात भांडण झालं की बाई फोडाची वाट पाहत बसते आणि तो आला की स्वतःला बोल लावते. आजार तिचा, वर चूकही तिचीच. (केसपेपरवर याचीच नोंद 'समुपदेशन केले' अशी होते.)

सगळ्यात मोठी जखम संशयाची. संसर्गानंतर पहिला फोड काही दिवसांत दिसू शकतो, पण कधी कित्येक महिने, वर्षंही जातात. अनेकांना तर कधीच काही जाणवत नाही. त्यामुळे आज फोड आला म्हणून जोडीदार काल बाहेर गेला होता, असं ठरत नाही. शिवाय ओठांवर उठणारा हर्पीसही मुखमैथुनातून जननेंद्रियांवर पोहोचतो. नवरा-बायकोला समोर बसवून एवढं नीट सांगायला दहा मिनिटं लागतात. ती न मिळाल्यामुळे माहेरी परत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४.६ कोटी लोकांना हा संसर्ग आहे, म्हणजे पाचांत एकाहून जास्त. तरी आपल्याकडे प्रत्येक रुग्णाला वाटतं, गावात आपण एकटेच.

ज्यांना वर्षातून अनेकदा त्रास होतो, त्यांना सात दिवसांच्या किटऐवजी रोज घ्यायची गोळी मिळावी. तिने फोड येण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटतं. रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने जोडीदाराला लागण होण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. औषधं जुनी, जेनेरिक आहेत. माझ्या मते याचा निम्मा गुण मनाला येतो : आजारावर आपला थोडा तरी ताबा आहे, हे कळल्यावर माणूस जोडीदाराशी बोलायला धजावतो.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन उचलणाऱ्यांनाही या आजाराचं प्रशिक्षण द्यावं. नाव न सांगता बोलता येणं इथे फार मोलाचं आहे. आणि फोड सुकल्यानंतरची एक भेट सक्तीची करावी. त्या दिवशी दुखत नसतं, म्हणून ऐकून घेता येतं. पुढच्या आढावा बैठकीत किट किती वाटली यासोबत अशा भेटी किती झाल्या, हेही आपण विचारावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक समुपदेशक