लाओत्सेचा बैल नंतर आला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ताओ ह्या प्राचीन चिनी विचारावरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल मनापासून थँक्स, नाहीतर चीन म्हटलं की आपल्याकडे एक तर बॉर्डर नाहीतर मोबाईल. पण ह्या विचाराचे आद्य गुरू मानले जाणारे लाओत्से बैलावर बसून निघाले, नाक्यावरच्या अधिकाऱ्याने अडवलं आणि त्यांनी तिथंच बसून ५ हजार अक्षरांचं 'ताओ ते चिंग' हे पुस्तक लिहून दिलं हे तुम्ही सरळ इतिहास म्हणून छापलंय, तिथे मी अडकलो.

ही गोष्ट सांगणारा सिमा छिएन हा इतिहासकार इ.स.पू. १०० च्या आसपासचा, म्हणजे परंपरेतल्या लाओत्सेनंतर चारेकशे वर्षांनी लिहिणारा, आणि तो बिचारा स्वतःच गोंधळलाय, लाओत्से म्हणजे हा की तो की तिसराच असं म्हणून शेवटी खरं कुणालाच माहीत नाही अशी कबुली देऊन मोकळा होतो. बैल तर त्याच्याकडे नाहीच, तो मागाहून कुणीतरी आणून बांधला.

बरं, जमिनीतून काय निघालं ते बघा. १९७३ मध्ये छांगशाजवळ मावांगदुईला इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या 'ताओ ते चिंग'च्या दोन प्रती सापडल्या, त्यात 'ते' म्हणजे सद्गुणावरचा भाग आधी आणि 'ताओ'चा नंतर! मग १९९३ मध्ये हूपेई प्रांतात क्वोत्येनला बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या. त्यात जेमतेम २ हजार अक्षरं, क्रमही वेगळा. आणि गंमत म्हणजे आजच्या १९व्या प्रकरणात कन्फ्यूशियसवाल्यांच्या लाडक्या करुणा आणि नीतीवर जी टीका आहे ती तिथे नाहीच, म्हणजे बहुतेक भांडण नंतर पेटलं आणि मजकुरात शिरलं. एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक असं कसं असेल?

ताओचा दुसरा मोठा विचारवंत च्वांगत्सू, त्याला तुम्ही दोन ओळीत गुंडाळलंत, तेही फुलपाखराच्या स्वप्नावर. अहो त्याच्या खाटकाची गोष्ट तरी द्यायची! साधा खाटीक दर महिन्याला सुरी बदलतो कारण तो घाव घालतो, चांगला वर्षाला बदलतो कारण तो कापतो, आणि हा म्हणतो माझी १९ वर्षांची सुरी अजून नुकतीच धार लावल्यासारखी आहे कारण सांध्यांमध्ये मोकळी जागा असते आणि मी तिथूनच सुरी घालतो, हाडाला लागूच देत नाही. ताओवाल्यांचं 'वू वेइ' म्हणजे काही न करणं, आळस, असा अर्थ लेखात काढलाय, तो ह्या खाटकाला दाखवून या.

धर्म वगैरे फार नंतरचं. आधी हान राजांच्या सुरुवातीच्या काळात हा विचार राज्य चालवायला वापरला, लढायांनी लोक पिचलेले, म्हणून त्यांना त्रास न देणं हेच धोरण, शेतसारा उत्पन्नाच्या १/३० वर आणला. मंदिर, पुरोहित, देव झालेला लाओत्से हे सगळं इ.स. १४२ मध्ये सिच्वानला चांग ताओलिंगने पंथ काढला त्यानंतर जोरात. सामील होणाऱ्याने पाच मापं तांदूळ द्यायचे, म्हणून लोक त्याला तांदळाचाच पंथ म्हणत. लेखात हे शेकडो वर्षांचं अंतर एका वाक्यात उडालंय.

आणि आपल्या देशाशी थेट संबंध असलेलं तर राहूनच गेलं. कामरूपच्या (आजच्या आसामातल्या) भास्करवर्मा राजासाठी ६४७ मध्ये चिनी सम्राटाने बौद्ध भिक्षू ह्युएन त्सांगला (हो तोच, पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला) 'ताओ ते चिंग' संस्कृतात करायला सांगितलं. पहिल्याच शब्दावर वाजलं. ताओवाले म्हणे 'ताओ' म्हणजे 'बोधि' लिहा, ह्युएन त्सांग म्हणे अजिबात नाही, 'मार्ग'च. त्या संस्कृत पोथीचं एक पानही आज कुठे नाही. त्यावर कुणाकडून तरी लिहून घ्या ना, मी वाट बघतो.

आपला,
एक नेहमीचा वाचक