तो फोटो शकुंतलेचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला शकुंतलेवरचा, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या छोट्या रुळांच्या गाडीवरचा लेख वाचला. लेखकाने जिव्हाळ्याने लिहिले आहे, त्याबद्दल आभार. पण वर अर्धे पान भरून जो फोटो छापला, तो पाहून रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

गोल निमुळते नाक, नाकावर मोठी चांदणी, आणि खाली ओळ : ‘इंग्रजांनी मागे ठेवलेले शकुंतलेचे इंजिन.’ महोदय, ते शकुंतलेचे इंजिन नाही. ते डब्ल्यूपी जातीचे वाफेचे इंजिन आहे, ब्रॉडगेजचे, म्हणजे रुंद रुळांचे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटरचे अंतर असते, शकुंतलेच्या रुळांत ७६२. आमच्या रुळांवर ते उभेसुद्धा राहिले नसते. मूर्तिजापूरच्या फलाटावर वाढलेल्या कोणत्याही माणसाला विचारले असते तर त्याने लांबूनच सांगितले असते.

आणि ते इंग्रजांनी मागे ठेवलेलेही नाही. पहिली सोळा डब्ल्यूपी इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून आली. पुढे १९६३ ते १९६७ या काळात हीच इंजिने आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झाली. इंग्रजी बनावटीचे होते ते आमचे लहानसे इंजिन. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले, १९२३ पासून वऱ्हाडात धावणारे. आपल्या माणसांनी घडवलेले इंजिन तुम्ही इंग्रजांच्या नावावर टाकले आणि सत्तर वर्षे वऱ्हाडाचा कापूस आणि माणसे ओढणाऱ्या इंजिनाचा चेहराच छापला नाही. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी दर्यापूरचा. आमचे स्टेशन बनोसा. कॉलेजसाठी मूर्तिजापूरला याच गाडीने जात असे. वडिलांचा जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा माझ्याकडे आला आणि इंजिनाचे फोटो काढायचे वेड लागले. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल आणि धुलाई मिळून महिन्याचा चहा सोडावा लागे. त्या कॅमेऱ्यात फार काही करता येत नसे, उन्हाची खूण आणि ढगाची खूण, बस. गाडी वेगात असली की फोटोत नुसता काळा फराटा येई. म्हणून गाडी सुटतानाचाच क्षण धरावा लागे. ड्रायव्हर आधी सिलिंडरमध्ये साचलेले पाणी बाहेर सोडायचा, दोन्ही बाजूंनी चाकांजवळून पांढरी वाफ फुसकन सुटायची, इंजिन त्या वाफेत अर्धे बुडायचे, आणि मग पहिला जड हुंकार. त्या पहिल्या दोन-तीन हुंकारांतच बटण दाबायचे. चौथ्याला उशीर झालेला असे. घरी आल्यावर आई आधी माझ्या डोळ्यातली कोळशाची कणी पदराच्या टोकाने काढायची आणि मग रागवायची.

तुमच्या लेखात धूर आहे, शिट्टी आहे, हिरवी शेते आहेत. माणूस एकही नाही. फाटक आले की गाडी थांबवून खाली उतरणारा, फाटक लावणारा, गाडी पुढे गेली की ते उघडून धावत येऊन पुन्हा चढणारा माणूस नाही. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात भट्टीसमोर उभा राहून फावड्याने कोळसा टाकणारा फायरमन नाही. हे इंजिन आपोआप चालत नव्हते.

१९९४ च्या जानेवारीत कुणीतरी सांगितले की आता डिझेल येणार. नवीन रोल घेतला आणि मूर्तिजापूरला गेलो. अकरा फोटो इंजिनाचे काढले. बारावा राखून ठेवला होता. ड्रायव्हरकाका लांब चोचीची तेलाची झारी घेऊन चाकांच्या दांड्यांना तेल देत होते. एका सांध्यावर तेल सोडायचे, हाताच्या मागच्या बाजूने तो किती तापलाय ते बघायचे, मग पुढच्यावर. मी कॅमेरा उचलला तसे म्हणाले, “थांब नं बाप्पा, तोंड तं पुसू दे.” खांद्यावरच्या काळ्या झालेल्या फडक्याने तोंड पुसले, त्याने ते आणखी काळे झाले, आणि झारी तशीच हातात धरून सरळ उभे राहिले. फोटो झाल्यावर म्हणाले, “मले एक कापी आणून देजो. घरी लावतो.” इतकी वर्षे इंजिनावर काढली, पण इंजिनासोबतचा त्यांचा एकही फोटो घरात नव्हता.

दुसऱ्या दिवशी रोल धुवायला शहरात गेलो. तिथल्या स्टेशनवर उतरलो तेव्हा कॅमेरा गळ्यात होता. स्टेशनचे नाव लिहीत नाही. गणवेशातल्या एका माणसाने हटकले. त्या काळी रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायला परवानगी लागत असे, हे मला माहीत होते. पण मी तिथे एकही फोटो काढला नव्हता. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत १२ आकडा दिसत होता, तो त्याला दाखवला. हे सगळे मूर्तिजापूरचे आहेत, आमच्या गाडीचे आहेत, असे सांगितले. त्याने मागचे झाकण उघडले, रोल काढला आणि कागदापासून फिल्म वेगळी करून भर उन्हात हातभर लांब ओढली. दोन मिनिटांत कॅमेरा परत दिला. पावती नाही, दंड नाही, माझे नावसुद्धा विचारले नाही. मी तिथे बाकावर बसून ती फिल्म पुन्हा गुंडाळत राहिलो, गुंडाळून काही उपयोग नाही हे कळत असूनही.

मग परीक्षा आल्या. पुढच्या रोलचे पैसे जमेपर्यंत एप्रिल उजाडला. १५ एप्रिल १९९४ ला वाफेचे इंजिन काढून डिझेल लावले. मी मूर्तिजापूरला गेलो तेव्हा काका निवृत्त होऊन गावी गेले होते. कोणते गाव, ते शेडमधल्या कुणाला नीट सांगता आले नाही. माझ्याकडे त्या गाडीचे आधीचे एकतीस फोटो आहेत. सगळे इंजिनाचे. माणसाचा एकही नाही.

म्हणून तुम्ही अर्धे पान एका भलत्याच इंजिनाला दिले तेव्हा मला ते सहन झाले नाही. फोटोखाली छायाचित्रकाराचे नावही नाही, नुसते ‘संग्रहित’. कोणीतरी भल्या पहाटे उठून, खिशातले पैसे घालून, कदाचित माझ्यासारखाच हटकला जाऊन तो फोटो काढला असेल. त्या माणसाचे नाव छापायला जागा किती लागते? लेखात आणखी एक वाक्य आहे, शकुंतलेबरोबर देशातले वाफेचे युग संपले. तेही चुकीचे आहे. ब्रॉडगेजवर वाफेची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली, म्हणजे आमच्या इंजिनानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने.

जाता जाता, एकाच लेखात आमच्या मूर्तिजापूरचे नाव तीन प्रकारे छापले आहे. मागे एका बातमीत अंजनगावचेही असेच झाले होते. तेव्हाही पत्र पाठवले होते, ते छापले नाही. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या उपनगराचे नाव तुम्ही असे चुकवत नाही.

दुरुस्ती छापावी. आणि ज्या वाचकांकडे एप्रिल १९९४ पूर्वीचे शकुंतलेच्या ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फाटकवाल्यांचे फोटो असतील, त्यांना ते पाठवण्याचे आवाहन तुमच्याच पुरवणीतून करावे. माझे एकतीस फोटो मी विनामूल्य देतो. पण अर्धे पान द्यायचेच असेल तर ते इंजिनाच्या नव्हे, माणसाच्या फोटोला द्या आणि खाली त्याचे नाव विचारून लिहा. त्यांत कुणी हातात तेलाची झारी घेऊन सरळ उभा असलेला दिसला, तर कृपया मला कळवा.

आपला,
एक जुना वाचक, दर्यापूर