बावन्न वर्षांनी तोच दिवस

सातारा,
11 नोव्हेंबर 2025

प्रिय मिलिंद,

तुझा वाढदिवस 24 ला, हे माझ्या चांगलं लक्षात आहे. तरीही आज मुद्दाम लिहायला बसलोय, कारण एका हिशेबाने तो आजच आहे. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या गणनेप्रमाणे तू जन्मलास त्या दिवसाचं नाव 6 लामात 6 केह. तेव्हापासून हा दिवस पुन्हा उगवलाच नव्हता. आज उगवला, बरोब्बर 18,980 दिवसांनी. तेव्हा पहिल्या शुभेच्छा माझ्या.

गेले काही महिने मी या कालगणनेत पार बुडालोय. ती कशी चालते ते सांगतो. अंगारकी आठव. वार आपल्या चालीने चालतात, तिथी आपल्या. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. त्यांचंही असंच, चक्रं तेवढी निराळी. एका चक्रात 1 ते 13 आकडे, दुसऱ्यात दिवसांची 20 नावं. रोज दोन्ही एकेक घर सरकतात: आज 6 लामात, उद्या 7 मुलुक, परवा 8 ओक. तेरा झाले की आकडा परत एकावर येतो, नावांची रांग मात्र पुढे चालूच राहते. तीच जोडी पुन्हा यायला 260 दिवस लागतात. माझी आजी आंबे विसांनी मोजायची, ‘चार ईसा, पाच ईसा’. तिला हे 260 म्हणजे ‘तेरा ईसा’ असं सांगितलं असतं, तर लगेच कळलं असतं.

या चक्राच्या जोडीला सूर्याचं 365 दिवसांचं वर्ष. वीस दिवसांचा एक असे 18 महिने, आणि वर उरलेले पाच दिवस. ते पाच वाईट मानायचे. 260 चं चक्र आणि हे वर्ष एकमेकांत गुंतवलं की पुरी तारीख होते, आणि ती पुन्हा यायला अशी 52 वर्षं जावी लागतात. लीप वर्षाचा जादा दिवस ते धरत नसत. 52 वर्षांत आपले असे 13 दिवस जमतात. 24 मधून 13 वजा कर, म्हणजे आजचं पत्र का ते कळेल.

मला सगळ्यात भिडलं ते हे, की ही मोजणी अजून चालू आहे. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात किचे नावाच्या माया लोकांमध्ये दिवस राखणारी माणसं आहेत, बायकाही आहेत. आज कोणता दिवस, तो कशासाठी चांगला, हे लोक त्यांना विचारायला येतात. ती माणसं लाल बियांच्या छोट्या छोट्या राशी मांडतात आणि एकेका राशीवर बोट ठेवत दिवस मोजत जातात. बिया कसल्या, तर आपल्या पांगाऱ्याच्याच जातकुळीतल्या झाडाच्या. लामातला ते कानिल म्हणतात. कानिल म्हणजे पिवळा, पिकलेला मका, बियाणं. घरचं बाजरीचं बियाणं जिवापाड राखणाऱ्या माणसाला हा दिवस मिळावा, याचा मला फार आनंद झाला.

पुस्तकं मात्र टिकली नाहीत. 1562 साली मेक्सिकोतल्या मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. आज सगळ्या मिळून चार उरल्यात. त्यातली सर्वांत मोलाची जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. वडा-अंजिराच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि त्या थरावर रंगवलेले ठिपके नि आडव्या रेघा. ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच, आणि शून्याला शिंपल्यासारखं चिन्ह. तिच्यात शुक्राची पानं आहेत. शुक्राचा फेरा 584 दिवसांचा. असे पाच फेरे म्हणजे नेमकी आठ वर्षं, 2,920 दिवस. त्यामुळे पहाटेचा शुक्र पहिल्यांदा दिसण्याचा दिवस पाचच नावांवर येतो: आहाव, कान, लामात, एब, किब. तुझ्या दिवसाचं नाव आहे त्यात! दुर्बीण नसताना केवळ डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या पाहून हे जमवलेलं.

आणि याच माणसांच्या नावावर 2012 साली जगबुडी खपवली गेली, याचा मला अजून राग येतो. त्यांची एक लांब पल्ल्याची मोजणीही होती, आपल्या अहर्गणासारखी, एका आरंभापासून सलग दिवस मोजणारी. तिचा आरंभ येतो 11 ऑगस्ट इ.स.पू. 3114 ला. (आपलं कलियुग इ.स.पू. 3102 चं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मी थबकलो खरा.) 21 डिसेंबर 2012 ला तिचं 1,44,000 दिवसांचं तेरावं पर्व भरलं, इतकंच. पालेंके या माया शहरातल्या मंदिरातला लेख तर तिथल्या पाकाल राजाच्या राज्यारोहणाची तिथी पार इ.स. 4772 पर्यंत मोजून ठेवतो. जग बुडणार असं मानणारा माणूस असं कशाला कोरेल?

52 वर्षांची धास्ती घेतली ती मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांनी. ते या 52 वर्षांना वर्षांची मोळी म्हणत. मोळी बांधायच्या रात्री घराघरातली चूल विझवायची, जुनी भांडी फेकून द्यायची आणि अंधारात बसून राहायचं. पुजारी शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन कृत्तिकांकडे डोळे लावत. मध्यरात्री त्या माथ्यावरून पुढे सरकल्या, की जग टिकलं. मग एका बंदिवानाचा बळी देऊन त्याच्या छातीवर अरणीसारखी काठी घुसळून नवा अग्नी पाडायचा. हे लिहिताना हात थांबतो, पण तेवढं गाळून बाकीचं सांगणं मला पटत नाही. त्या अग्नीवर मशाली पेटवून माणसं धावत सुटत, आणि गावोगावच्या चुली पुन्हा पेटत. शेवटचा असा अग्नी 1507 साली पडला. पुढची पाळी 1559 ची. पण 1521 लाच त्यांची राजधानी स्पॅनिशांच्या हाती गेली. त्याच जागी आज मेक्सिको सिटी आहे.

आता नकाशा काढ. मेक्सिको सिटी आणि तुझं पैठण जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साडेएकोणीस अंशांच्या आसपास. त्यांच्या माथ्यावरून जाणारे तारे तुझ्याही माथ्यावरून जातात. 23 च्या रात्री बाराच्या सुमाराला गच्चीवर जा. कृत्तिका डोक्यावर असतील, जराशा उत्तरेला. वहिनींनाही वर ने. पुंजक्यातल्या किती चांदण्या मोजता आल्या ते तिथूनच फोन करून सांग. मी इथे अंगणात उभा असेन.

तुझा,
शिरीष