माईक खाली घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. कोळशावरच्या वीज प्रकल्पाच्या विस्तारावरील जनसुनावणी होऊन गेली, तरी गावात अजून तिचाच विषय निघतो. तुमचे आभार मानल्याशिवाय मलाही चैन पडेना, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्या आधी आमच्याकडे पुष्कळ जण येऊन गेले. राख तलावाच्या काठावर फोटो काढून घेणारे पुढारी आले, विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून नेणारे आले; त्या बाटल्यांचे पुढे काय झाले हे सांगायला मात्र कोणी परतले नाही. विकास हवा तर थोडे सोसावे लागते, असे ज्यांनी आम्हाला ऐकवले त्यांच्या अंगणात राखड उडत नाही. आपल्याकडच्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख असते. ती पाण्यात कालवून पाइपने तलावात सोडतात आणि उन्ह तापून तलावाचा काठ वाळला की वाऱ्याबरोबर ती आमच्या शिवारावर येते. फरदडीच्या, म्हणजे दुसऱ्या बहराच्या कपाशीच्या, बोंडांवर करडा थर बसला की व्यापारी भाव पाडतो, आणि एवढी वीज शेजारी तयार होत असूनही आमची माणसे ओलितासाठी रात्री-बेरात्री वावरात जातात.

तुम्ही मात्र भाषण न करता आधी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल मागितलात. मराठीत मिळतो तो सारांश, पाण्याची कोष्टके मूळ इंग्रजी अहवालात. समाजमंदिरात सतरंजीवर बसून तुम्ही ती आम्हाला वाचून दाखवलीत आणि समासात पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहीत गेलात. केंद्र सरकारच्या 2015 च्या निकषानुसार जुन्या औष्णिक केंद्राला एका मेगावॅट-तासामागे 3.5 घनमीटर पाणी वापरता येते. म्हणजे हजार मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 8 कोटी 40 लाख लिटर. माणशी 55 लिटर या नळयोजनेच्या हिशेबाने ते 15 लाखांहून अधिक लोकांचे पाणी होते, हे तुम्ही आमच्याच मुलींकडून पाटीवर गुणाकार-भागाकार करवून काढलेत. राज्याच्या 2003 च्या जलधोरणात उद्योग शेतीच्या आधी होता आणि 2011 मध्ये तो क्रम बदलून शेती वर आली, हेही आम्हाला त्याच सतरंजीवर कळले. कागदावर आपला हक्क लिहिलेला असताना इतकी वर्षे आम्ही तो विनवणी करून मागत होतो.

तरीही माझ्या मनात घर करून राहिली आहे ती सुनावणीतली एक लहानशी गोष्ट. अधिकाऱ्यांनी ‘मॅडम, आपण बोला’ म्हणून तुम्हाला पुढे बोलावले. सगळ्यांत जास्त माहिती तुमच्याकडे होती. तुम्ही ‘विहीर यांची आहे, आधी या बोलतील’ असे म्हणून माझ्या सासूबाईंना हाताला धरून नेलेत, स्टँडचा स्क्रू सैल करून माईक त्यांच्या तोंडाशी येईल इतका खाली घेतलात आणि स्वतः दोन पावले मागे सरलात. त्याआधी बोललेल्या कोणालाही आपल्यानंतर एखादी ठेंगणी म्हातारी बोलेल असे वाटले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, “साहेब, या पाण्यात डाळ शिजत नाही. तुम्ही एकदा शिजवून दाखवा.” मंडप क्षणभर गप्प झाला आणि मग कडेला बसलेल्या बाया एकामागून एक उठल्या.

तुम्ही बोललात ते अगदी शेवटी, तेही इतिवृत्त सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवा एवढेच सांगायला. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेतच तशी तरतूद आहे. इतिवृत्तात सासूबाईंचे म्हणणे ‘पाण्याबाबत तक्रार’ एवढ्यावर उरकले होते. तुम्ही त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यायला लावलेत. शिकलेल्या माणसाने अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला पुढे करणे आणि आपले नाव कुठेही येऊ न देणे, ही सभ्यता आम्ही फार कमी पाहिली आहे. ती कार्यालयांत असती, पक्षांत असती, तर आमच्या विहिरी कदाचित वाचल्या असत्या.

विस्ताराचा निर्णय अजून यायचा आहे. तो काहीही आला तरी तुमच्या खुणांचा अहवाल आम्ही ग्रामपंचायतीत ठेवला आहे आणि पलीकडच्या गावातल्या बाया त्यांच्या सुनावणीच्या तयारीसाठी तो मागून नेत आहेत. सासूबाईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत. माझ्याकडून आणि साऱ्या गावाकडून मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
एक ग्रामपंचायत सदस्य