मूर्तिपूजा आणि बालबळी यांची सांगड चुकीची

महोदय,

रविवारच्या पुरवणीत प्राचीन इस्राएलवरील लेखासोबत बैलाच्या तोंडाच्या, पोटात जाळ पेटवलेल्या पितळी ‘मोलख’चे, म्हणजे बायबलानुसार ज्याला मुले अर्पण करीत त्या देवाचे, चित्र छापले आहे. मोलखच्या मूर्तीचे असे वर्णन बायबलात कुठेही नाही. मूर्तीच्या उतरत्या हातांवरून मूल घरंगळून आगीत पडते, हे ग्रीक इतिहासकार डायोडोरसने लिहिले ते उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज नगराबद्दल. मोलखचा पोकळ पितळी पुतळा दिसतो तो त्यानंतर शेकडो वर्षांनी, मध्ययुगीन यहुदी भाष्यांत.

चित्रापेक्षा लेखातले विधान जास्त खटकते : मूर्तिपूजा शिरली आणि तिच्यामागून बालबळी आला. मुळात बायबलातला इस्राएली सेनानी इफ्ताह नवस बोलतो तो परमेश्वरालाच. समोर मूर्ती नाही, तरी मुलगी होमार्पणात जाते. बालबळीबद्दल ‘मी अशी आज्ञा केली नव्हती, हे माझ्या मनातही आले नव्हते’ असे यिर्मया संदेष्टा देवाच्या तोंडून तीनदा वदवतो. देवाचीच तशी आज्ञा आहे, असे मानणारे लोक समोर असल्याखेरीज हे इतक्यांदा का सांगावे लागेल?

यहूदाचा (जेरुसलेमभोवतीच्या राज्याचा) राजा योशीया याची मूर्ती व पूजास्थाने हटवण्याची मोहीम (इ. स. पू. ६२२च्या सुमारास) नीट वाचावी. अशेरा देवीची मूर्ती जेरुसलेमच्या मंदिरातून बाहेर काढली, किद्रोन ओढ्याकाठी जाळली, कुटून पूड केली, ती पूड कबरींवर टाकली. जेरुसलेमलगतच्या हिन्नोमच्या खोऱ्यातले तोफेत, म्हणजे मुले आगीत अर्पण करण्याची जागा, मात्र फक्त ‘भ्रष्ट’ केले, म्हणजे पुन्हा विधी होऊ नये म्हणून जागा विटाळली. तिथे मूर्ती फोडल्याचा उल्लेखच नाही.

आता उलट बाजू. जेरुसलेम आणि आसपासच्या घरांतून मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत : खाली भरीव खांबासारखे अंग, स्तनांखाली धरलेले हात, डोके साच्यातले किंवा नुसते चिमटीने दाबलेले. यहूदाच्या दक्षिणेकडील आरादच्या किल्ल्यातील मंदिरात मूर्तीऐवजी उभा दगड होता आणि गाभाऱ्याच्या दारात चुनखडीच्या दोन वेद्या. २०२० साली त्यांच्यावरील काजळीचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. मोठ्या वेदीवर ऊद जनावराच्या चरबीत मिसळलेला होता, कारण त्याचा सुगंध सुटायला जास्त उष्णता लागते. धाकट्या वेदीवर गांजा शेणात मिसळलेला, म्हणजे तो मंद धुमसत राहतो. पूजा चालत होती ती अशी. यात बालबळीचा मागमूस नाही.

कार्थेजला १९२१ पासून जळालेल्या अर्भकांच्या अस्थींचे कलश सापडले, काहींत कोकरांची हाडेही होती. ही मुले बळी दिलेली की आजाराने गेलेली, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. हिन्नोमच्या खोऱ्यात तर असे कलश मिळालेलेच नाहीत. म्हणून यहूदातील बालबळी खोटा ठरत नाही. आहाज आणि मनश्शे या राजांवरचा आरोप स्पष्ट आहे. पण त्याचा पुरावा ग्रंथातला आहे, उत्खननातला नाही, एवढे तरी लेखात यायला हवे होते.

हा लेख मुंबईत वाचला गेला, जिथे घरोघरी देव्हारे आहेत आणि मांडवीत बेने इस्राएल यहुद्यांचे १७९६ साली स्थापन झालेले सिनेगॉग आहे. दोघांवरही यात अन्याय झाला. ते चित्र उत्तरकालीन युरोपीय कल्पनाचित्र आहे, अशी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत तेवढ्याच ठळकपणे छापावी.

– एक अभ्यासक, भायखळा, मुंबई